लाउंज फुकट, मग बिल कोणाचं?

सेमिस्टर संपल्यावरची ट्रिप असो की मोठ्या भावाच्या ऑफिसची टूर, एअरपोर्टवरून पडणारी पहिली स्टोरी हल्ली विमानाची नसते, लाउंजची असते. प्लेटमध्ये दोन छोट्या इडल्या, बाजूला कॉफी, मागे काचेतून दिसणारं विमान आणि खाली कॅप्शन, 'फक्त २ रुपयांत!' त्यावर कमेंट्समध्ये एकच प्रश्न, 'कुठलं कार्ड आहे रे?'

हा प्रश्न आता कॉलेजपर्यंत येऊन पोहोचला आहे. कारण साधं आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की बँकेत एफडी ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड मिळतं. आई-बाबांच्या कार्डावर तुमच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड निघतं. आणि लास्ट इयरला प्लेसमेंट झाली, पगाराचं खातं उघडलं, की आठवडाभरात फोन सुरू होतात, 'सर, तुमच्यासाठी प्री-अप्रूव्हड ट्रॅव्हल कार्ड आहे. एक तिकीट फ्री, लाउंज फ्री, माइल्स मिळतील.'

या पानावर आज आम्हाला त्या 'फ्री' शब्दाबद्दल बोलायचं आहे. कार्ड वाईट असतं, ते कापून टाका, असा उपदेश करायचा नाही. तुमच्या वयात पैशांबद्दलचे उपदेश कानावर इतके पडतात की ते ऐकूही येत नाहीत. पण गणित तुम्हाला येतं. तेव्हा गणितच मांडू.

एक पॉइंट म्हणजे किती पैसे?

विमान कंपनी आणि बँक मिळून जे कार्ड काढतात त्याला को-ब्रँडेड कार्ड म्हणतात. समजा अशा एका कार्डाची वार्षिक फी १,४९९ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे झाले १,७६९. हे कार्ड १०० रुपये खर्च केले की २ पॉइंट देतं आणि तिकीट काढताना एका पॉइंटचे ५० पैसे धरतं. जाहिरातीत फक्त '२ पॉइंट' दिसतात. प्रत्यक्षात १०० रुपयांवर तुम्हाला १ रुपया परत मिळतो.

आता तुम्हाला ५,५०० रुपयांचं तिकीट 'फुकट' हवंय. त्यात मूळ भाडं ४,५०० आणि उरलेले १,००० म्हणजे विमानतळाचं शुल्क, सुरक्षेचं शुल्क, कर वगैरे. बऱ्याच योजनांत पॉइंट फक्त मूळ भाड्याला चालतात, बाकीचे रोख भरावे लागतात. म्हणजे तुम्हाला लागतील ९,००० पॉइंट. त्यासाठी खर्च करायचा साडेचार लाख रुपये. नवीन नोकरी, महिन्याला १५ हजार कार्डावर जातात असं धरलं, तर एवढा खर्च व्हायला अडीच वर्षं लागतात. तेवढ्या काळात वार्षिक फी तीनदा कापली जाते. ५,३०७ रुपये. वर ते १,००० आहेतच. बेरीज ६,३०७. जे तिकीट ५,५०० ला मिळत होतं ते 'फुकट' मिळवायला तुम्ही ८०७ रुपये जास्त मोजलेत, आणि तेही अडीच वर्षं थांबून.

लगेच कोणी म्हणेल, पहिल्या वर्षी जॉइनिंग बोनस मिळतो की! मिळतो, आणि पहिल्या वर्षाची फी त्यातून वसूलही होऊ शकते. खरा डाव दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो. कार्डावर लिहिलेलं असतं, वर्षाला २ लाख खर्च केलेत तर फी माफ. तुमचा नेहमीचा खर्च होतो १ लाख ८० हजार. वर्ष संपायला महिना उरला आणि ॲपमध्ये मेसेज येतो, 'फक्त २० हजार बाकी!' मग नको असलेला फोन बदलला जातो, बूट घेतले जातात. १,७६९ वाचवायला २० हजार घालवले जातात. आणि ज्याने घालवले तोच कट्ट्यावर सांगत असतो, 'माझं कार्ड तर फ्री आहे.'

लाउंजचंही तेच. बँक तुमच्या प्रत्येक प्रवेशाचे लाउंज चालवणाऱ्याला पैसे देते. तुमच्या कार्डातून जे २ रुपये कापले जातात ते फक्त कार्ड चालू आहे का हे बघण्यापुरते. गर्दी वाढली, बँकांचा खर्च वाढला, तशा गेल्या दोन-तीन वर्षांत बहुतेक बँकांनी अटी घातल्या. आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच आत जायचं. हा आकडा काही कार्डांना ३५ हजार, काहींना ५० हजार, काहींना १ लाखापर्यंत गेला. आता तीन महिन्यांत ५० हजार खर्च करून मिळणारा उपमा आणि कॉफी फुकट म्हणायची का, ते तुम्हीच ठरवा. शिवाय भाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, पेट्रोल, विम्याचे हप्ते असे खर्च बऱ्याच कार्डांवर पॉइंटमध्ये धरतच नाहीत. खोलीचं भाडं कार्डाने भरलं तर उलट साधारण १ टक्का फी लागते. हे सगळं त्या बारीक अक्षरांत असतं, जी आपण 'आय ॲग्री' म्हणून खाली सरकवतो.

विमान कंपनी नक्की काय विकते?

१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हांटेज' नावाची योजना सुरू केली. सारखा प्रवास करणारा माणूस दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. जितके मैल उडाल तितके मैल खात्यात. पुढे बँका यात उतरल्या आणि चित्र पालटलं. विमान कंपनी माइल्स बँकेला विकू लागली, बँक ते ग्राहकाला वाटू लागली. आज तिकडे माइल्स मिळवायला विमानात बसावंच लागत नाही, किराणा भरला तरी पुरतं.

या धंद्याचा आकार बघा. डेल्टा एअरलाइन्सला अमेरिकन एक्स्प्रेसकडून २०२४ मध्ये सुमारे ७ अब्ज डॉलर मिळाले. २०२० मध्ये कोरोनामुळे विमानं जमिनीवर होती, तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने कर्ज उभारायला गहाण काय टाकलं? आपली माइल्सची योजना! कंपनीने तिची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितली. त्या वेळी शेअर बाजारात अख्ख्या कंपनीला एवढा भाव नव्हता. विमानं, पायलट, मार्ग, सगळं धरूनसुद्धा नाही.

यातून काय कळतं? पॉइंट म्हणजे कंपनीने स्वतः छापलेली नोट. रुपयाची नोट रिझर्व्ह बँक छापते, तिच्यावर कायद्याचा धाक असतो. पॉइंट किती छापायचे, त्यांची किंमत किती, ते कधी संपणार, हे सगळं कंपनीच्या हातात. पूर्वी तक्ता असायचा, अमुक मार्गाला इतके मैल. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ते तक्ते काढून टाकले. डेल्टाने २०१५ मध्ये, युनायटेडने २०१९ मध्ये. आता ज्या दिवशी तिकीट महाग त्या दिवशी पॉइंटही जास्त. गेल्या वर्षी जमवलेले पॉइंट यंदा कमी पडतात आणि तुम्ही तर एकही खर्च केलेला नसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने तिथल्या चार मोठ्या विमान कंपन्यांकडून याच गोष्टींचा खुलासा मागवला. पॉइंटची किंमत का घसरते, छुप्या फी किती, स्पर्धा उरली आहे का, असे प्रश्न त्यांना विचारले गेले.

आपल्याकडे तर कंपनीच जागेवर राहील याची खात्री नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बसली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडालं. तिच्या नावाची कार्डं बऱ्याच बँकांनी दिली होती. जेटची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीत असल्याने ती वाचली आणि 'इंटरमाइल्स' नावाने चालू राहिली, पण ज्या विमानात बसायला लोकांनी ते जमवले होते ते विमानच उरलं नाही. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिथे लोकांचे पॉइंट बुडाले नाहीत, एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. पण विस्ताराच्या नावाची नवी कार्डं देणं बँकांनी थांबवलं आणि ज्या फायद्यांसाठी लोकांनी ती घेतली होती ती यादी बदलली. पॉइंट साठवून ठेवायची वस्तू नाही, हा यातला धडा.

'तू कार्डाने काढ, आम्ही जीपे करतो'

आतापर्यंतचं गणित बिल वेळेवर भरणाऱ्याचं होतं. आता दुसरं बघू, कारण तुमच्या ग्रुपमध्ये हेच जास्त घडतं.

चार जणांची गोव्याची ट्रिप ठरते. एकाकडे कार्ड आहे. 'तू काढ सगळ्यांची तिकिटं आणि हॉटेल, आम्ही जीपे करतो. पॉइंट तुला!' तो खूश. ५ जूनला ४० हजारांचं बुकिंग होतं. २० जूनला बिल येतं, भरायची शेवटची तारीख ८ जुलै. तोपर्यंत एकाचे पैसे आलेत आणि ते खर्चही झालेत, दुसरा 'स्टायपेंड आला की देतो' म्हणतो, तिसऱ्याने मेसेज बघून सोडून दिलाय. बिलावर एक आकडा मात्र अगदी सोयीचा दिसतो. मिनिमम ड्यू, २ हजार. तो भरतो आणि निवांत झोपतो.

इथेच घात होतो. पूर्ण बिल भरलं तरच ते ४५-५० दिवस बिनव्याजी असतात. थोडं जरी बाकी राहिलं, तरी व्याज ८ जुलैपासून लागत नाही, ५ जूनपासून लागतं. आपल्याकडे कार्डाचं व्याज साधारण महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असतं. काही कार्डांवर त्याहून जास्त. ५ जून ते ८ जुलै ३३ दिवस, ४० हजारांवर व्याज १,५१९ रुपये. ८ ते २० जुलै १२ दिवस, उरलेल्या ३८ हजारांवर ५२५. बेरीज २,०४४. त्या व्याजावरही १८ टक्के जीएसटी, ३६८ रुपये. एकूण २,४१२. म्हणजे भरले २ हजार आणि चढले चोवीसशे बारा. भर म्हणजे बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस नाहीत. उद्या घेतलेल्या वडापाववर उद्यापासूनच मीटर चालू.

आणि या व्यवहारात पॉइंट किती मिळाले? ८००. म्हणजे ४०० रुपये. चारशेसाठी चोवीसशे, आणि हे फक्त पहिल्या महिन्याचं.

कोणाला वाटेल, एवढ्या व्याजाला कायदा काही म्हणत नाही का? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे सध्या वर असं छत नाही. आपलं आपणच बघायचं.

यात आणखी एक पदर आहे. ॲड-ऑन कार्ड तुमच्या नावाचं असलं तरी बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, म्हणजे आई किंवा बाबांची. तुम्ही उशीर केलात तर डाग त्यांच्या सिबिलवर पडतो. आणि दोन वर्षांनी एमएससाठी शैक्षणिक कर्ज काढताना सहकर्जदार म्हणून सही कोणाची लागणार? त्यांचीच. बँक आधी त्यांचा स्कोअर बघणार. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरा दिवसांनी अपडेट होते, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात भरून टाकू, कोणाला कळतंय' हेही आता चालत नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी अजून एक. परीक्षांच्या फी, युनिव्हर्सिटीच्या अर्जांच्या फी डॉलरमध्ये कार्डाने भरल्या की बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप लागतं, वर त्याच्यावर जीएसटी. म्हणजे ४.१३ टक्के. ३० हजारांच्या फीवर १,२३९ रुपये जास्त गेले, पॉइंट मिळाले ३०० रुपयांचे. 'ट्रॅव्हल कार्ड' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या कार्डावरही हे असू शकतं. आधी बघा.

मग हे पैसे येतात कुठून?

आता म्हणाल, आमचा अमुक मित्र दरवर्षी पूर्ण बिल भरतो, पॉइंटवर खरंच फिरून येतो, त्याला तर फायदाच होतो. होतो ना! तो खोटं बोलत नाही. प्रश्न हा, की त्याचं तिकीट कोण भरतं?

पहिला वाटा व्याज भरणाऱ्यांचा. अमेरिकेत कार्डाच्या धंद्यातले लोक पूर्ण बिल भरणाऱ्या ग्राहकाला गमतीने 'डेडबीट' म्हणतात, म्हणजे बुडव्या. उधारी वेळेवर फेडणारा बुडव्या! कारण त्याच्याकडून व्याज मिळत नाही. धंदा चालतो तो मिनिमम ड्यू भरणाऱ्यावर. म्हणजे तुमच्याच वर्गातल्या त्या गोव्यावाल्या मित्रावर.

दुसरा वाटा दुकानदाराचा. तुम्ही कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशांतून साधारण दोन टक्क्यांच्या आसपास रक्कम कापली जाते. यूपीआयने बँक खात्यातून पैसे दिले तर जानेवारी २०२० पासून ही कपात शून्य आहे. म्हणूनच लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप घ्यायला गेलात की दुकानदार म्हणतो, 'कार्ड असेल तर दोन टक्के वर.' जो असं म्हणत नाही त्याने ते दोन टक्के सगळ्यांच्याच किमतीत घातलेले असतात. मग त्याच दुकानात रोख पैसे देणारी मावशीसुद्धा तुमच्या लाउंजमधल्या कॉफीचा एक घोट भरत असते. तिला ते माहीतही नसतं.

ही नुसती कल्पना नाही. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेचा हिशोब मांडला होता. रोख वापरणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या खिशात घालतं आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे यूपीआयमुळे चित्र बरंच वेगळं आहे. पण पैसा कोणाकडून कोणाकडे वाहतो, ती दिशा ओळखीची वाटते ना?

डोक्याचा फंडा

'मी तसा वाहवत जाणारा नाही,' असं प्रत्येकाला वाटतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एमआयटीतला एक प्रयोग बघा. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी तिथल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. अर्ध्यांना सांगितलं रोख द्यायचे, अर्ध्यांना सांगितलं कार्डाने. कार्डवाल्यांची बोली साधारण दुप्पट निघाली. ही मुलं पैशांचंच शिक्षण घेत होती, हे विसरू नका.

दुसरा प्रयोग गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा, २००६ मध्ये छापलेला. काही ग्राहकांना ८ शिक्क्यांचं कार्ड दिलं, ८ पूर्ण झाले की एकदा गाडी फुकट धुऊन मिळणार. काहींना १० शिक्क्यांचं, पण त्यातले २ आधीच मारलेले. दोघांनाही लागणार होते ८ शिक्केच. तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्क्यांनी. 'सुरुवात झालीच आहे' असं वाटलं की माणूस पुढे खेचला जातो. आता तुमच्या खात्यात कार्ड घेतल्या घेतल्या येणारे ते वेलकम पॉइंट आठवा. आणि ॲपमधली ती हिरवी पट्टी, 'पुढच्या लेव्हलला ७० टक्के पोहोचलात.' ती पट्टी तुमच्या सोयीसाठी रंगवलेली नाही.

मग घ्यायचं की नाही?

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. कार्डाचे खरे फायदे आहेत. वेळेवर भरलेलं छोटं बिल तुमचा क्रेडिट इतिहास घडवतं, जो पुढे कर्ज काढताना कामाला येतो. चुकीचा व्यवहार झाला तर तक्रार करून पैसे परत मागता येतात. महिनाभर बिनव्याजी उधारी मिळते. पण गंमत अशी की यातला एकही फायदा विमानाच्या चित्राच्या कार्डाचा नाही, कुठल्याही साध्या, बिनफीच्या कार्डाचा आहे. वर्षाला आठ-दहा वेळा एकाच कंपनीने उडणाऱ्या, ऑफिसच्या कामाने फिरणाऱ्या माणसाला को-ब्रँडेड कार्ड परवडू शकतं. वर्षातून एकदा गोव्याला जाणाऱ्या, तेही निम्म्या वेळा कोकणकन्येने, विद्यार्थ्याला ते परवडत नाही.

तेव्हा फोन आला की तीन प्रश्न विचारा. एका पॉइंटचे तिकिटात किती पैसे धरता? दुसऱ्या वर्षाची फी जीएसटी धरून किती? आणि व्याजाचा वार्षिक दर किती? समोरचा तिसऱ्या प्रश्नाला 'सर, तुम्ही वेळेवर भरलंत तर शून्य' म्हणाला, तर फोन ठेवा. घेतलंच, तर पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावा, मिनिममचं नको. ग्रुपची बुकिंग करायचीच असेल, तर आधी सगळ्यांचे पैसे खात्यात, मग कार्ड. दोस्तीत हिशोब नको म्हणणाऱ्यांचीच दोस्ती हिशोबावरून तुटते.

तुमचे हक्कही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या नियमांनुसार तुम्ही न मागता कार्ड देता येत नाही. अर्जासोबत व्याज आणि फी सांगणारं एक पानी पत्रक द्यावं लागतं. फी वाढवायची तर किमान एक महिना आधी कळवावं लागतं. कार्ड बंद करा असं सांगितल्यावर, काही बाकी नसेल तर, सात कामाच्या दिवसांत बंद करावंच लागतं. नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. आणि सकाळी १० च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर एजंटने फोन करायचा नाही.

हे नियम चांगले आहेत, पण पुरेसे नाहीत. फीवर नियम झाले, पॉइंटवर अजून कंपनीचंच राज्य आहे. आमचं म्हणणं सरळ आहे. दर महिन्याच्या बिलावर जिथे 'तुमचे पॉइंट ९,०००' असं ठळक छापतात, तिथेच 'म्हणजे इतके रुपये' हेही छापावं, आणि त्याच्या शेजारी या वर्षात तुमच्याकडून घेतलेली फी, व्याज आणि जीएसटीची बेरीज छापावी. दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. पॉइंटची किंमत कमी करायची असेल तर काही महिन्यांची मुदत द्यावी, रातोरात ती बदलू नये.

कॉलेजांनाही एक विनंती. फेस्टला स्पॉन्सर हवाच असतो, हे आम्ही समजू शकतो. पण अमेरिकेने २००९ मध्येच कायदा करून २१ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं उत्पन्न किंवा जामीन असल्याशिवाय कार्ड देण्यावर बंधन घातलं आणि कॅम्पसमध्ये भेटवस्तू वाटून कार्डाचे अर्ज भरून घेणं बंद केलं. आपल्याकडून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांना त्या कायद्याचं संरक्षण मिळतं आणि इथे राहणाऱ्यांना नाही, हे बरोबर दिसत नाही. स्टॉलला जागा द्यायचीच असेल, तर आदल्या आठवड्यात कॉमर्सच्या एखाद्या सरांकडून तासभर कार्डाचं बिल कसं वाचायचं हे सर्व शाखांच्या मुलांना शिकवा. बॅलन्स शीट शिकवतो, तर बिल का नाही?

आणि तुमच्यापैकी ज्यांच्याकडे आज कार्ड आहे, त्यांनी एवढं करावं. गेल्या बारा महिन्यांची बिलं ॲपमधून काढा. फी, व्याज, लेट फी, जीएसटी यांची एका कागदावर बेरीज करा. दुसऱ्या बाजूला या काळात खरोखर वापरलेल्या पॉइंटचे पैसे मांडा. नुसते जमलेले नाहीत, वापरलेले. पहिली बेरीज मोठी निघाली तर कस्टमर केअरला मेल टाकून कार्ड बंद करा किंवा बिनफीच्या कार्डात बदलून घ्या. दुसरी मोठी निघाली तर तुम्ही नीट खेळताय, खुशाल लाउंजमध्ये बसा. फक्त स्टोरी टाकताना 'फक्त २ रुपयांत' लिहू नका. खाली कमेंट करणाऱ्या ज्युनिअरला तो कागद पाठवा.